तीनशे बोंडं

रुपराव भोयरांना आयुष्यात दोनच शब्द धड बोलता येतात, असं त्यांची बायको वच्छला म्हणायची. एक 'आहे' आणि दुसरा 'नाही'. भाजी आहे का? आहे. पिशवी आणली का? नाही. त्याच्या मागेपुढे आणखी एखादा शब्द जोडावा, बोलण्याला जरा चव आणावी, हे त्या माणसाच्या गावीच नव्हतं. पण याच दोन शब्दांच्या भरवशावर विदर्भातले निम्मे पंप चालतात, असं तिला कोणी सांगितलं असतं, तर ती आधी पोटभर हसली असती.

गोष्ट मात्र खरी होती. हिंगण्याला शेतीपंप बनवणारी एक कंपनी होती आणि तिच्या सुट्या भागांच्या विक्रीचं ऑफिस नागपुरात, धरमपेठेत होतं. कुठे पंप बिघडला की शेतकरी तालुक्याच्या दुकानदाराकडे जायचा, दुकानदार धरमपेठेला फोन लावायचा, आणि फोन उचलायचे रुपराव. "पाच नंबरचं इंपेलर आहे का?" "आहे." खाली ठेवला फोन. दुकानदार एस.टी.त बसायचा, रुपराव चिठ्ठी करून द्यायचे, आणि ती दाखवून तो हिंगण्याच्या गोदामातून माल घेऊन जायचा. रुपरावांनी आहे म्हटलं आणि माल मिळाला नाही, असं कधी झालं नव्हतं. भिवापूरचे दुकानदार देवराव तर म्हणायचे, की ब्रह्मदेवानं आहे म्हटलं तर मी एकदा जाऊन पाहीन, रुपरावानं म्हटलं तर थेट पोतं घेऊन निघीन.

ऐंशी साली कंपनीने हिंगण्याला मोठा कॉम्प्युटर घेतला. तो कपाटाएवढा होता आणि थंडगार खोलीत एकटाच राहायचा. त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, म्हणून गोदामातले लोक त्याला देवघर म्हणत. त्याचं एक टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, धरमपेठेत रुपरावांच्या टेबलावर आलं. टर्मिनलला स्वतःची अक्कल काडीची नव्हती. हिंगण्याचा कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून जे पाठवील तेवढंच ते दाखवायचं, आणि तेही एकेक अक्षर करून.

ते बसवायला मुंबईचा इंजिनिअर आला होता. त्याने जाताजाता सांगितलं, "लाइन तीनशे बॉडची आहे, बरं का." बॉड म्हणजे तारेवरून अक्षरं यायच्या वेगाचं माप. पण रुपरावांचं सासर काटोलकडचं, बायकोच्या माहेरची सगळी मंडळी कापसातली. त्यांच्या कानाने आपल्या सोयीने ऐकलं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वच्छलेला मोठ्या रुबाबात सांगितलं, की आपल्या टेबलावर आता तीनशे बोंडांचं यंत्र आलं आहे.

"तीनशे बोंडं? तासाले?" तिने विचारलं.

"सेकंदाले."

वच्छला लहानपणापासून कापूस वेचलेली बाई. तिने भाकर थापता थापता विचार केला. "मंग ते वेचून नाही राहिलं," ती म्हणाली, "चोरून राहिलं."

पुढे ऑफिसात कोणीतरी शब्द दुरुस्त करून दिला, पण रुपरावांनी तो घेतला नाही. बॉड म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हतं. बोंड कळत होतं. तीनशे तर तीनशे, बोंडंच म्हणायची.

आता त्या तीनशे बोंडांचा खरा हिशेब सांगायचा तर सेकंदाला तीस अक्षरं. रोज सकाळी साडेनऊला रुपराव गोदामाची सगळी यादी मागवायचे. सहाशे सुटे भाग होते, एकेकाची एक ओळ. ती यादी पडद्यावर टिपटिप करत उतरायला सतरा मिनिटं लागायची. ऑफिसातले बाकीचे तेवढ्या वेळात समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेऊन परत यायचे. रुपराव मात्र हलायचे नाहीत. दुसरं कामच नव्हतं म्हणून ते अक्षर उमटेल तसतसं वाचत बसायचे. ओठ हलायचे, उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटायचं. शाफ्ट, चौदा. बुश, दोनशे तीन. ग्लँड, शून्य. कोणी हाक मारली तर ऐकू जायची नाही. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा जप करतो आहे.

आणि इथेच खरी गंमत होती. यादी संपेपर्यंत ती रुपरावांच्या डोक्यात जाऊन बसलेली असायची. दिवसभरातली विक्री त्यांच्याच हातून व्हायची, तेव्हा गेलेला माल ते मनातल्या मनात वजा करत. मग दुकानदाराचा फोन आला की एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने कळफलकावर नंबर दाबायचा, आणि पडद्यावर पहिलं अक्षर उमटायच्या आत तोंडाने सांगून मोकळं व्हायचं: "आहे." हिंगण्याच्या कॉम्प्युटरला एकेक नंबर शोधायलाच वेळ लागायचा, त्यामुळे पडदा आपला मागून पंचवीस सेकंदांनी तेच सांगायचा. तोवर फोन ठेवून झालेला असायचा आणि ऐकायला कोणी नसायचं.

ऑफिसचे मॅनेजर वामनराव काचेच्या केबिनमधून हे पाहायचे. त्यांना काय दिसायचं? फोन वाजला, रुपरावांनी कळ दाबली, पाच सेकंदांत उत्तर गेलं. वामनरावांनी मुख्य कचेरीला लिहून कळवलं, की आमचं टर्मिनल पाच सेकंदांत उत्तर देतं. मुख्य कचेरीतून टर्मिनलच्या कामगिरीबद्दल समाधान व्यक्त करणारं पत्र आलं. वामनरावांनी ते चौकटीत घालून टर्मिनलच्या वर भिंतीला टांगलं. रुपराव सहा वर्षं त्या पत्राखाली बसत होते. त्यात त्यांचं नाव नव्हतं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलंही नाही. यंत्र चांगलं आहे, असं विचारलं तर त्यांनीही सांगितलं असतं. म्हणजे 'आहे' म्हटलं असतं.

शहाऐंशी साली पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत कृष्णकांत आला. तिशीचा, चष्म्याचा, भलता हुशार आणि ते स्वतःला ठाऊक असलेला. हा कॉम्प्युटर छोटा होता, टेबलावर मावत होता, आणि त्याची अक्कल त्याच्या स्वतःच्या पोटात होती. गोदामाची यादी फ्लॉपीवर भरून रोज सकाळी कंपनीच्या बसने यायची, ती त्यात सरकवली की तारेची भानगडच नाही. महिन्याचं टेलिफोनच्या लाइनचं भाडं वाचणार होतं. पण वामनरावांचा जीव टर्मिनलवर. पत्र आलेलं यंत्र असं कसं काढायचं? ते म्हणाले, "दोन्हींचा वेग घड्याळ लावून पाहा. जे जिंकेल ते राहील."

एका सोमवारी सगळं ऑफिस रुपरावांच्या टेबलाभोवती जमलं. कृष्णकांतने नियम केला, की पडद्यावर उत्तर पूर्ण उमटल्यावरच मोठ्याने वाचायचं. पहिला नंबर सांगितला. पर्सनल कॉम्प्युटर: तीन सेकंद. टर्मिनल: सव्वीस. दुसरा नंबर: तीन, आणि पंचवीस. तिसऱ्याला वामनरावांच्या कपाळावर आठी आली. पाचव्याला ते उठून उभे राहिले.

"रुपराव, आजपर्यंत पाच सेकंद लागत होते. आजच पंचवीस काहून लागून राहिले?"

रुपरावांनी पुढचा नंबर दाबला. दहा नंबर झाले. वामनरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं, पण काच पातळ होती. "नवीन यंत्र आपल्याले मिळावं, म्हणून तुम्ही मुद्दाम हळू करून राहिले," असं ते म्हणाल्याचं बाहेर सगळ्यांनी ऐकलं. वीस वर्षांच्या नोकरीत रुपरावांवर कोणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. मग ते जन्मातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"साहेब, यंत्र पहिल्यापासूनच हळू आहे, मी पडद्याकडे पाहतच नव्हतो."

वामनरावांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा विश्वास बसला नाही. त्यांनी कृष्णकांतला यादी घेऊन आत बोलावलं आणि मधलीच नावं विचारायला सुरुवात केली. फूट व्हॉल्व्ह अडीच इंची? एकतीस. सात नंबरचा शाफ्ट? दोन, एकावर गंज आहे. वीसपैकी एकोणीस बरोबर आले. विसावं चुकलं ते यादीतच चुकलेलं निघालं. कृष्णकांतचा चष्मा नाकावर घसरला तो त्याने बराच वेळ वर केला नाही.

वामनराव मात्र भिंतीवरच्या चौकटीकडे पाहत बसले. सहा वर्षं आपण टेलिफोनच्या तारेचं कौतुक करत होतो, हे पचायला जड जातं माणसाला. त्यांनी रुपरावांची माफी मागितली नाही, पण चहा मागवला. विदर्भात दोन्ही एकच धरतात. मग म्हणाले, नियम तो नियम. टर्मिनल गेलं. जाताना सोबत तारही गेली, आणि चौकट तेवढी राहिली. पर्सनल कॉम्प्युटर रुपरावांच्या टेबलावर आला, खुर्ची त्यांचीच राहिली, आणि सगळं चांगलं झालं असं सगळ्यांना वाटलं.

रुपरावांनाही पहिले आठ दिवस वाटलं. फ्लॉपी घातली, कळ दाबली, की सहाशे ओळी पडद्यावरून अशा धावत सुटायच्या, की अर्ध्या मिनिटात शेवट. वाचायला काही उरायचंच नाही. कळ दाबून थांबवत थांबवत पानं पाहिली, तर एकेक पान धपकन समोर पडायचं. रुपराव पाहायचे, सगळं दिसायचं, आणि एकही गोष्ट डोक्यात राहायची नाही. पूर्वी सतरा मिनिटं लागायची त्या वेळात आता तेही टपरीवर जायला लागले. लोकांना बरं वाटलं. म्हणाले, रुपराव सुधारले.

मग फोनवर एक नवीन शब्द सुरू झाला. "थांबा. पाहून सांगतो." तीनच सेकंद लागायचे, खोटं कशाला बोला. पण सहा वर्षांत ज्यांनी हा शब्द ऐकला नव्हता, त्या दुकानदारांना तो खटकला. आणि रुपरावांना त्यांच्यापेक्षा जास्त खटकला. आपल्या हातून काहीतरी निसटतं आहे एवढं त्यांना कळत होतं, पण ते काय, हे धरता येत नव्हतं.

ते डिसेंबरात कळलं. देवरावांचा भिवापूरहून फोन आला. मिरची उभी होती, ऐन पाण्याच्या वेळेला एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला होता. "रुपराव, नऊ नंबरचं इंपेलर आहे का?" त्याच वेळी समोर दुसरा माणूस चिठ्ठीसाठी उभा होता. जुन्या सवयीने तोंडातून गेलं, "आहे."

नव्हतं. आदल्या दिवशीच शेवटचं गेलं होतं, तेही रुपरावांच्याच हातून.

देवराव दुपारी एस.टी.ने आले. धोतराचा सोगा सावरत टेबलासमोर बसले आणि चिठ्ठी मागितली. रुपरावांनी कळ दाबली. तीन सेकंदांत पडद्यावर शून्य आलं. त्यांनी पुन्हा दाबली. यंत्राचा वेग काही कमी झाला नव्हता, शून्यही तेवढ्याच तत्परतेने आलं. देवराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "होते गा असं. माणूस आहे. आता फोनवर नाही विचारत जा, येऊनच पाहत जाईन."

रुपरावांनी त्यांना आपल्या लूनावर मागे बसवून हिंगण्याला नेलं. तपासणीच्या टेबलावरच्या एका नव्या पंपाचं इंपेलर फोरमनच्या हातापाया पडून काढून घेतलं. मिरची वाचली. पण परतताना धरमपेठेपर्यंत रुपरावांच्या कानात एकच वाक्य होतं. येऊनच पाहत जाईन. त्यांच्याजवळ दोनच शब्द होते आणि त्यातला एक खोटा निघाला होता. त्यांना रडू येत होतं, हे सरळ सांगितलेलं बरं.

घरी त्यांनी ताट सारून ठेवलं. वच्छलेने कारण विचारलं आणि, काय आश्चर्य, त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चांगला पाऊण तास. तिने इतक्या वर्षांत नवऱ्याचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं, म्हणून ती मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "अजी, एकेक बोंड हातानं वेचलं तर कोण्या झाडाले किती होतं, किडकी कवडी कुठं लागली होती, ते रात्री डोळे मिटून सांगता येते. कोणी भरलं गाठोडं आणून ओटीत ओतलं, तर कापूस तेवढाच, पण त्यातलं का सांगाल? तुमच्या ओटीत गाठोडं ओतून राहिले ते लोक."

रुपरावांनी ताट पुढे ओढलं आणि चार भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ते कृष्णकांतच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "साहेब, हे यंत्र हळू," ते म्हणाले आणि पुढचे शब्द शोधत थांबले.

"हळू?" कृष्णकांत ताठ झाला. "काकाजी, आख्ख्या नागपुरात यापेक्षा फास्ट मशीन नाही."

"हळू आहे असं नाही. हळू पाहिजे."

कृष्णकांत हसला. मग त्याला त्या काचेच्या केबिनमधले एकोणीस नंबर आठवले आणि तो हसायचा थांबला. त्याने रुपरावांना बसवलं, आणि त्यांनी आपल्या परीने, म्हणजे नऊ-दहा शब्दांत, बोंडांचं सगळं सांगितलं. ज्या पोराने, मोठमोठी पुस्तकं वाचून, यंत्रं वेगवान कशी करायची एवढंच शिकून ठेवलं होतं, तो डोकं खाजवत म्हणाला, "असा प्रोग्रॅम मी कधी लिहिला नाही, काकाजी."

दोन दिवस लागले त्याला. यादी एकेक अक्षर करून उमटायला लागली. पहिल्या खेपेला इतकी हळू, की रुपराव म्हणाले, "हे तर आजारी आहे." मग इतकी भरभर, की ओठ मागे पडले. कृष्णकांत आकडा बदलत गेला, रुपरावांच्या ओठांकडे पाहत गेला. एका ठिकाणी ओठ आणि अक्षरं बरोबर चालायला लागली, मांडीवरचं बोटही आपोआप सुरू झालं. कृष्णकांतने घड्याळ काढून मोजलं. सेकंदाला तीस अक्षरं. त्याने पुन्हा एकदा मोजलं.

"किती आले?" रुपरावांनी विचारलं.

"तीनशे बॉड," तो म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "तीनशे बोंडं." आणि त्याने प्रोग्रॅमला नावही तेच दिलं.

तेव्हापासून रोज साडेनऊला नागपुरातला सगळ्यात फास्ट कॉम्प्युटर सतरा मिनिटं टिपटिप करत बसायचा. एकदा वामनराव केबिनमधून बाहेर आले, ती टिपटिप पाहून दचकले आणि कृष्णकांतला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बिघडलं का गा? आत्ताच तर घेतलं." कृष्णकांतने तोंड वाकडं होऊ न देता सांगितलं, "नाही साहेब, सकाळी गरम व्हायले वेळ लागते." वामनरावांना ते पटलं. त्यांची स्कूटरही तशीच होती.

देवरावांचा फोन मात्र येत नव्हता. ते बोलल्याप्रमाणे वागत होते. पंधरा दिवसांतून एकदा एस.टी.ने यायचे, पडद्यावर नंबर स्वतः पाहायचे, मग चिठ्ठी मागायचे. रुपराव काही बोलायचे नाहीत. काय बोलणार? आहे म्हणायची सोय नव्हती. ते पडदा देवरावांकडे वळवायचे आणि आपण खिडकीबाहेर पाहत राहायचे. असे तीन महिने गेले. एकदा पडदा वळवायच्या आधीच देवराव हळूच म्हणाले, "पाच नंबरचं इंपेलर, यंत्र किती दाखवीन?" "सात," रुपराव म्हणाले, खिडकीतूनच. पडद्यावर सात आले. देवरावांनी आणखी एक नंबर विचारला. मग आणखी एक. मग उगाच, काही घ्यायचं नसताना, आठ-दहा. आणि चिठ्ठी खिशात घालून निघून गेले.

एप्रिलमध्ये, उन्हं तापायला लागली होती, तेव्हा सकाळी अकराला फोन वाजला.

"रुपराव, भिवापूरहून बोलून राहिलो. नऊ नंबरचं इंपेलर आहे का?"

रुपरावांचा हात सवयीने कळफलकाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"आहे," ते म्हणाले.

नुसती तार खरखरत होती. ऑफिसात कृष्णकांतने मान वर करून पाहिलं.

"बरं," देवराव म्हणाले, "मंग पाहायले नाही येत. पोतं घेऊनच येतो."